घोड्यावरून उतरण्याचा माळ

कोशबुलाकला येणारे पाहुणे आधी निळ्या घुमटाकडे धावतात. धावू द्यावं. आत कबर आहे, पण कबरीत कुणी नाही, हे म्हातारा रखवालदार दारातच सांगून टाकतो. खरी जागा घुमटामागचा माळ. तिथे कितीही घाईतला स्वार खाली उतरतो आणि लगाम धरून पायी पलीकडे जातो. त्यामागची हकिगत अशी सांगतात.

तोर्गान खान मोंगलांचा राजा. उतारवयात त्यानं इस्लाम स्वीकारला. मोंगल आपल्या राजांना गुपचूप पुरत आणि वरून घोडे पिटाळून खूण पुसून टाकत. खानाला ते नको होतं. आपल्या कबरीशी येऊन कुणीतरी फातिहाची प्रार्थना पढावी, एवढीच त्याची इच्छा. म्हणून त्यानं घुमट बांधायला काढला आणि देखरेखीला लेक ओयुनला नेमलं. विटा फुटत, निळा रंग उतरे. पोरीनं जिवाचं रान केलं म्हणे.

घुमट पुरा झाला, आणि ओयुन शहरात असताना खान याच माळावर शिकारीच्या तळावर वारला. ती कफन घेऊन धावत आली, तर खानाचा जुना सेनापती बोरकुल धुळीनं माखून बसलेला.

"काका, बाबा कुठे आहेत?"

"निजवलं नीट, बाईसाहेब. तळावर नमाज पढवली, तोंड मक्केकडे केलं. मग सगळे घोडे फिरवले. आता जागा मलाही सापडायची नाही. चोरांना दिसेल अशा ठिकाणी राजा ठेवतात होय?"

ओयुनच्या अंगाचा तिळपापड झाला. निम्मं नवं, निम्मं जुनं! तरी एक आशा होती. जुन्या रीतीत पुरल्या जागी उंटाचं पिल्लू त्याच्या आईदेखत मारत. पुढे ती आई बरोबर तिथेच येऊन ओरडे, त्यावरून घरच्यांना जागा कळे.

"पिल्लू तरी मारलंत ना?"

"कसं मारणार? खानांनीच बंदी घातलेली. त्यांचा शब्द मी मोडीन?"

बोरकुल रडत होता, त्याच्यावर ओरडायचीही सोय राहिली नाही. ओयुननं माळ पालथा घातला, ठिकठिकाणी माती उकरली. सगळीकडे सारखीच माती. अखेर हरून ती घोड्यावर बसली, थोडं पुढे गेली आणि एकदम थबकली. खुराखाली बाबाच असतील तर? ती उतरली. पायी, पावलागणिक फातिहा पढत निघाली. मागून बोरकुलही उतरला.

आजही लोक तसेच जातात. नेमकी जागा ठाऊक नाही, म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत फातिहा पढतात. रखवालदार मात्र अजून चरफडतो, "पिल्लू मारू नका, हे सांगायचं सुचलं खानाला. घोडे फिरवू नका, हे नाही सुचलं!" आणि चरफडतच, चपला हातात घेऊन, तोही माळावर उतरतो.