मोठं केलेलं गाणं

फार लांब कुठे नाही, डोंगरांच्या मधोमध एक सरोवर होतं. तिथे हौसेनं नाव फिरवणारे दोन तऱ्हेचे लोक होते. एक शिडवाले, दुसरे मोटरवाले. पाणी एकच, पण धक्के वेगळे, आणि एकमेकांच्या धक्क्यावर कुणी चहासुद्धा घ्यायचं नाही.

शिडवाल्यांच्या मते मोटरवाले म्हणजे नुसता धांगडधिंगा. लाटा उडवतील, गाणी वाजवतील, नाचतील. मोटरवाल्यांच्या मते शिडवाले म्हणजे नाकं वर केलेली भित्री माणसं, गुडघाभर पाण्यातही तरंगतं जाकीट घालून बसणारी. आता याला खोटं तरी कसं म्हणावं? थोडं थोडं खरं होतंच.

एक रीत मात्र दोघांनाही ठाऊक होती. कुणी दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली केले, की समजायचं तो संकटात आहे. जो जवळ असेल त्यानं जायचं.

एका संध्याकाळी एक शिडवाला बायकोला घेऊन परतत होता. लांबवर एक मोटरनाव उभी दिसली. तिच्यावर गाणं वाजत होतं आणि एक माणूस हात पसरून वर-खाली करत होता.

"अहो, तो बोलावतोय वाटतं," बायको म्हणाली.

"बोलावतोय कसला! नाचतोय. गाणं ऐकू येत नाही का तुला?"

"पण हात बघा ना त्याचे. आणि एकटाच आहे."

"त्या लोकांना एकट्यानंही नाचता येतं."

तेवढ्यात गाणं आणखी मोठं झालं.

"बघ! आपल्याला चिडवायला मुद्दाम वाढवलं."

बायको वळून वळून बघत राहिली. सुकाणू नवऱ्याच्या हातात होतं, आणि त्यानं नाव वळवली नाही. थोड्या वेळानं गाणं मध्येच तुटलं.

"सुटलो एकदाचे," शिडवाला म्हणाला.

सकाळी ती मोटरनाव पालथी सापडली. पाण्याखालच्या झाडाचा खुंट लागून तिचा तळ फाटला होता. पाणी शिरून इंजिन बंद पडलं होतं, भोंगाही गेला होता. चालू राहिला तो फक्त गाण्याचा डबा, आणि त्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. हाक मारायला त्या माणसाकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

दुपारी तोही सापडला. त्याचं जाकीट धक्क्यावरच्या खुंटीला कोरं करकरीत लटकत होतं. शिडवाल्यांसारखं दिसायला नको, म्हणून त्यानं ते कधी अंगाला लावलं नव्हतं. घरी लहान मुलं होती बिचाऱ्याला.

शिडवाल्याला कुणी बोल लावला नाही. सगळे म्हणाले, लांबून कसं कळणार? बायको मात्र पुन्हा त्याच्या नावेत बसली नाही, आणि तेच त्याला सोसेना.

तेव्हापासून सरोवरावर कुठेही गाणं ऐकू आलं, की तो नाव तिकडे वळवतो. बहुतेक वेळा लोक खरंच नाचत असतात.

"काय काका, नाचायला आलात?" ते हसतात.

"नाही रे बाबांनो. सगळे ठीक आहात ना, तेवढं बघून जातो," तो म्हणतो आणि मागे फिरतो.

यातून घ्यायचं तात्पर्य असं: समोरचा माणूस कसला आहे हे आधीच ठरवून टाकलं, की त्यानं मदतीसाठी पसरलेले हातही आपल्याला नाचच वाटतात.