नाचलेला मुखवटा

“पण हा नाचलाय का?”

सबनिसांनी मुखवटा उलटा करून आतली बाजू पाहिली. कोरं लाकूड. घामाचा डाग नाही, कपाळ घासल्याची खूण नाही.

“नाही,” मायेस्त्रो एलिहिओ म्हणाले. “तो विकायचा आहे.”

“मला नाचलेला हवाय.”

“नाचलेले आम्ही विकत नाही.”

...

मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या, तळ्याकाठच्या एका जुन्या गावातली ही गोष्ट. गाव स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. चुन्याच्या भिंती, लाल कौलं, मधोमध चर्च आणि चर्चसमोर गोट्यांची फरसबंदी केलेला चौक. तिकडे सुताराला, गवंड्याला, शाळामास्तराला, सगळ्यांना मायेस्त्रोच म्हणतात. आपल्या ‘मेस्त्री’चा हा शब्द लांबचा चुलतभाऊ. एलिहिओ हे मुखवटे कोरणारे मायेस्त्रो. वय ऐंशीच्या घरात आणि बोलणं बेताचं.

दिगंबर सबनीस नाशिकचे निवृत्त इंजिनिअर. वय सदुसष्ट. क्लास लावून स्पॅनिश शिकलेले, आणि ते कुणाच्या नजरेतून सुटू नये याची काळजी घेणारे. घरी काचेच्या कपाटात अठरा मुखवटे, सगळे दुकानातले. “दिगंबर, ही नुसती शोभेची लाकडं रे,” असं त्यांचा मित्र कोल्हटकर एकदा बोलून गेला होता. ते त्यांना फार लागलं. तेव्हापासून एकच ध्यास, सणात कुणीतरी खरोखर घालून नाचलेला मुखवटा आणायचा. त्यासाठी तीन आठवडे ते असली जुनी गावं पालथी घालत होते. उद्या सकाळी परतीची बस होती.

हातातला मुखवटा गुलाबी गालांच्या, हसऱ्या म्हाताऱ्याचा होता. गावच्या संताचा सण आला की इथली तरणी पोरं असे मुखवटे चढवून म्हाताऱ्यांचा नाच करतात. कंबरेत वाकून, काठी टेकत, खोकत, मध्येच धडपडत.

“तसा एक मिळालाय मला,” सबनिसांनी पिशवीतून दुसरा मुखवटा काढला. “मागच्या गावात. चाळीस वर्षं नाचलेला आहे म्हणे. बघा, आत कसे डाग आहेत!”

मायेस्त्रोंनी तो नाकाशी नेला. हुंगला.

“कॉफी,” ते म्हणाले.

“काय?”

“उकळून लावलीय. वरून थोडा धूर दिलाय... बरी जमलीय.”

सबनिसांचा चेहरा पडला. अठरा मुखवट्यांचा मालक, आणि कॉफीला घाम समजून बसला होता!

“मग आता तुम्हीच काहीतरी करा,” ते अजिजीने म्हणाले. “एक तरी द्या. किंमत तुम्ही म्हणाल ती. रिकाम्या हाताने परत गेलो तर...”

कोल्हटकर काय चीज आहे, हे स्पॅनिशमध्ये कसं सांगणार?

बाहेर चौकात व्हायोलिन सुरू झालं. दुपारचे बारा वाजले होते आणि सणाचा दिवस होता.

“नाचलेलाच हवा?” मायेस्त्रोंनी विचारलं.

“नाचलेलाच.”

“आणि आजच?”

“उद्या सकाळी बस आहे माझी.”

मायेस्त्रो उठले. त्यांनी तो कोरा मुखवटा सबनिसांच्या हातून काढून घेतला, फुंकर मारून भुसा उडवला आणि काही कळायच्या आत त्यांच्या तोंडावर चढवून मागे दोरी आवळली. डोक्यावर रंगीत फितींची टोपी ठेवली. हातात काठी दिली.

“अहो, मायेस्त्रो... मला नाचता येत नाही!”

“म्हाताऱ्यांना कुठे येतं?”

आणि पाठीवर हात ठेवून त्यांना दाराबाहेर ढकललं.

...

चौकात तीन म्हातारे नाचत होते. त्यांतला थोरला जेमतेम विशीचा असेल. चौथा आला तो खरोखरीचा म्हातारा आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुखवट्याच्या फटींतून पायापुढचं काही दिसेना. सबनीस मनातल्या मनात पावलं मोजू लागले. एक दोन तीन, एक दोन तीन. इंजिनिअर माणूस! गोटे उंचसखल बसवलेत, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. नाचता येईना अंगण वाकडं. इथलं अंगण मात्र खरंच वाकडं होतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तिसऱ्या फेरीत गुडघ्याने दगा दिला आणि सबनीस सपशेल आडवे झाले.

सगळा चौक खदखदून हसला. लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. शेजारचा म्हातारा खोकत खोकत आला, त्याने काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि मुखवट्याआडून हळूच विचारलं, “लागलं नाही ना?”

“नाही,” सबनीस म्हणाले.

चांगलंच लागलं होतं. पण ते खोटं बोलताना त्यांना हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. किती वर्षांनी ते असे हसत होते! लाकडाआडचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, आणि कुणाला काही दाखवायचंही नव्हतं. मोजणं केव्हाच सुटलं. व्हायोलिन थांबेपर्यंत ते नाचत राहिले.

...

दुकानात मायेस्त्रोंनी दोरी सोडली. मुखवटा उलटा केला. आतलं लाकूड ओलं होऊन काळपट दिसत होतं.

“नाव?”

“दिगंबर.”

मायेस्त्रोंनी कानामागची पेन्सिल काढली. दोनदा पुन्हा विचारून ते नाव मुखवट्याच्या आत लिहिलं. मग मागच्या खोलीचं दार उघडलं. तिथे भिंतभर म्हातारेच म्हातारे टांगलेले होते. एका रिकाम्या खिळ्याला त्यांनी हाही अडकवला.

“मायेस्त्रो... तो माझा ना?”

“तुमचाच. नाव घातलंय ना.”

“मग मी... न्यायचा नाही?”

चुलीवरच्या भांड्यातून मक्याची गरम, गोड पेज मायेस्त्रोंनी पेल्यात ओतली आणि पेला पाहुण्याच्या हातात दिला.

सबनिसांना वाईट वाटायला हवं होतं. कपाट होतं तसंच राहणार होतं, कोल्हटकर बोलायचं ते बोलणारच होता. पण पेजेचा घोट घेता घेता त्यांना फार बरं वाटत होतं. गुडघा ठणकत होता, तरीही बरं वाटत होतं. भिंतीवरच्या आपल्या म्हाताऱ्याकडे ते कितीतरी वेळ बघत बसले.

“छान दिसतोय,” शेवटी ते म्हणाले.

मायेस्त्रोंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“पुढच्या वर्षी दोन दिवस आधी या,” ते म्हणाले. “त्याला अजून नीट पडता येत नाही.”