दरडोई दोन पोळ्या

कुसुंबगड संस्थानचे दिवाण त्र्यंबकराव यांचा आकड्यांवर भारी जीव. एकदा भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, यंदा राज्यात दरडोई रोज चार भाकरी होतील इतकं धान्य पिकलंय. म्हणजे उपाशी कुणी नाहीच! मग अन्नछत्र कशाला? सण झाला की बंद करू." महाराजांनी मान डोलावली.

त्या अन्नछत्रात रोज दोनशे गोरगरीब जेवत. तिथली आचारीण गोदाक्का हिच्या कानावर हे गेलं. सणाची राजपंगतही तिच्याच हाती होती.

सणाला पन्नास पानं मांडली. सगळ्या पानांत मीठ आणि लिंबाची फोड पडली. मग गोदाक्काने शंभरच्या शंभर पुरणपोळ्या एकट्या महाराजांच्या पानात रचल्या. महाराज चळतीआड दिसेनासे झाले.

शेजारी बसलेले दिवाण तडकले, "अहो बाई, माझी पोळी कुठाय?"

"पन्नास माणसं, शंभर पोळ्या. दरडोई दोन झाल्या की, दिवाणसाहेब! जेवलात तुम्ही. हात धुवायला पाणी आणू?"

"अहो, पण मला भूक लागलीय!"

"लागणारच. तुम्ही मोजलीत डोई, आणि मेली भूक लागते पोटाला."

चळतीमागून हसू फुटलं. महाराज उठले आणि स्वतः पोळ्या वाढू लागले. दिवाणांच्या पानाशी ते सगळ्यात शेवटी आले. हातातली पोळी तशीच धरून त्यांनी विचारलं, "त्र्यंबकराव, ते अन्नछत्र बंद कधी करायचं म्हणालात?"

पोळीवरची नजर न हलवता दिवाण म्हणाले, "छे, छे! असं कोण म्हणालं, महाराज?"