मामाची फुलं

झाडं बोलायची तेव्हाची गोष्ट. केशरी फुलांनी डवरलेला पळस शेजारच्या उंबराला हिणवायचा, "मेल्या, तुला एक फूल येत नाही!"

एकदा चिलटाएवढी माशी उंबराकडे आली. "दादा, पोटात अंडी आहेत. संध्याकाळपर्यंतच जगेन. जागा दे रे."

"माझ्या फळाचं दार बारीक आहे, बाई. पंख तुटतील."

"तुटू देत. पोरं तर जगतील!"

पंख दारातच गळाले. आत बघते तर काय, भिंतभर फुलंच फुलं! जन्मगावच्या उंबराच्या फुलांची पिवळी भुकटी तिच्या अंगावर होती, ती तिने फुलांना लावली. अंडी घालून तिथेच निजली.

फुलांनी बी धरलं, फळ पिकलं. अंड्यांतून निघालेल्या माशीच्या लेकी फुलांच्या भुकटीने पिवळ्याधमक होऊन बाहेर उडाल्या.

"ही हळद कुठली गं, पोरींनो?" पळसाने विचारलं.

"मामाच्या फुलांची!"

पळस उंबराकडे बघतच राहिला.