कोंबड्याला नोटीस काढा

सोमवार, सकाळचे अकरा. सोलापूर, शिक्षणाधिकाऱ्यांचे दालन. शकुंतला बिराजदार बाई उभ्याच होत्या, कारण त्यांना 'बसा' म्हणावे असे साहेबांना वाटले नव्हते. त्यांच्या वर्गातल्या पद्मा चिलवेरीची शिष्यवृत्ती एका गुणाने हुकली होती. 'कोंबडा कसा आरवतो?' या प्रश्नाला तिने घरच्या तेलुगूप्रमाणे 'कोक्कोरोको' लिहिले होते.

"उत्तरसूचीत 'कुकूच कू' आहे, बाई. बाकी सगळं चूक," साहेब म्हणाले.

"आमच्या गल्लीत कोंबडा एकच आहे, साहेब. तो आरवला की मराठी, कानडी, तेलुगू, सगळी घरं उठतात."

"उठू द्या की! बरोबर उत्तर एकच असतं."

"मग पोरीचा गुण कशाला कापता? कोंबड्याला नोटीस काढा. मंजुरी न घेता तेलुगू घरात तेलुगूत का आरवलास, म्हणून लेखी खुलासा मागवा. खुलासा आला की आम्ही तसं शिकवू."

दाराशी उभा शिपाई फिसकन हसला. साहेबांनी घाईघाईने बाईंच्या अर्जावर 'फेरतपासणी करावी' असा शेरा मारला.

शाळेचे ते वर्ष संपले. शिष्यवृत्तीही वाटून झाली. पद्माचा गुण मात्र अजून कापलेलाच आहे.