साळूने खरवडलेला उतार

चुन्याच्या दगडांच्या एका उंच डोंगरावर, जिथे सावलीला झाड औषधालाही सापडत नसे, एक साळू राहत असे. उतारावरच्या मातीत तिने मोठ्या कष्टाने बीळ खणले होते. तिच्या पोटात पिल्ले होती, म्हणून तिला घरदार कसे लख्ख हवे होते. बाळांनो, नीटनेटकेपणा चांगलाच, पण आमच्या साळूला त्याचे जरा वेडच होते. शेपटीच्या काट्यांनी ती दिवसातून चारदा अंगण झाडायची.

बिळाच्या वरच्या अंगाला मातीवर शैवाक पसरले होते. शैवाक म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भावंड, पण हे दगडावर नाही, मातीवरच रुजणारे. त्याची पांढुरकी, भेगाळलेली खपली साळूच्या डोळ्यांत सलायची. "डोंगराला नुसती खरूज झाली आहे! माझ्या पिल्लांनी हे बघायचं?" असे म्हणत ती नखांनी खरवडू लागली.

शैवाक कळवळून म्हणाले, "साळूताई, नको गं! या मातीला मीच धरून ठेवलंय. एवढं पसरायला मला शंभर हिवाळे लागले."

"शंभर हिवाळ्यांत एवढंच?" साळू हसली. दोन दिवसांत तिने सगळा उतार साफ केला आणि ती तांबूस माती पाहून स्वतःवरच खूश झाली.

पुढे दोन पिल्ले झाली. ऊन तापले, शिखरावरचे बर्फ वितळले आणि पाणी उतारावरून धावत आले. दरवर्षी ते शैवाकावरून निथळून जाई. या वर्षी मोकळी माती त्याच्याबरोबर थेट बिळात शिरली. साळूने पिल्ले कशीबशी बाहेर ओढली. तिच्या डोळ्यांदेखत बीळ बुजले, मग उतारच वाहून गेला आणि उघडा दगड तेवढा उरला.

साळू वेड्यासारखी खाली धावली. कपारीत अडकलेला शैवाकाचा एक तुकडा तिने तोंडात धरून वर आणला, दगडावर ठेवला आणि पंजाने दाबून दाबून पाहिला. "चिकट ना रे! माझं चुकलं. आता तुला नखसुद्धा लावणार नाही."

"राग नाही गं, ताई," तुकडा पुटपुटला, "पण आता मी धरू कशाला? माती कुठे आहे?"

पिल्लांना पुढे घालून साळू रडत रडत डोंगर उतरली.

तात्पर्य : ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही, त्याला निरुपयोगी ठरवू नये; मागून कितीही पस्तावले तरी उखडलेले पुन्हा रुजतेच असे नाही.