करकोच्यांची डुलकी

ढगांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. लांबच्या वाटेवर करकोच्यांचे थवे उडता उडता डोळे मिटून डुलकी घेत. जागा राहायचा तो फक्त पुढचा वाटाड्या. म्हणून रीतच होती, की वाटाड्याला दुसऱ्या थव्यात जायचं असेल तर त्यानं महिनाभर आधी सांगावं आणि तोवर नव्या वाटाड्याला सगळी वाट दाखवावी.

एका दुपारी शेजारून चाललेल्या मोठ्या थव्यानं भुऱ्या नावाच्या वाटाड्याला हाक मारली. "यायचं तर आत्ताच ये," ते म्हणाले. भुऱ्याच्या मागे सगळे झोपले होते. त्यानं हळूच पंख वळवले आणि तो निघून गेला. त्याचा थवा झोपेतच समुद्रावर भरकटला आणि तीन दिवसांनी कसाबसा किनाऱ्याला लागला.

इकडे भुऱ्या नव्या थव्याचा वाटाड्या होऊन ऐटीत पुढे उडत होता. खाली ढग कापसासारखे पसरले होते, ऊन मऊ होतं. बऱ्याच वेळानं त्यानं मागे पाहिलं, तर सगळ्यांचे डोळे टक्क उघडे.

"झोपा की निवांत," तो म्हणाला. "मी आहे ना पुढे."

थव्यातली म्हातारी म्हणाली, "त्यांच्याही पुढे तूच होतास ना, बाबा."